यंत्रमानवांचे सामने आणि शाळेची पोरे



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार चळवळीविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘शाळांमधील यंत्रमानव-स्पर्धांचा इतिहास’ असे कळवले, आणि त्यांनी दूरध्वनी करून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य वाजवी होते. यंत्रापायी कामावरून निघालेल्या माणसांचे अर्ज लिहिण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याने यंत्रमानवाच्या गोष्टी सांगावयास उभे राहावे हे जरा विपरीतच. शिवाय माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते संघटनेच्या कचेरीत रात्री पुस्तकांच्या कपाटापुढे बसून मिळवलेले. तेव्हा श्रोत्यांतील इंजिनियर मंडळींनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

प्रथम शब्दाचेच पाहू. ‘रोबो’ हा शब्द कारखान्यातून आलेला नाही, नाटकातून आला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले आणि पुढच्या वर्षी ते प्रागच्या रंगभूमीवर आले. कारखान्यात घडवलेली कृत्रिम माणसे मालकासाठी राबतात आणि अखेर बंड करून उठतात, असे त्याचे कथानक. या माणसांना नाव काय द्यावे हे चापेकला सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने ‘रोबोट’ हा शब्द पुढे केला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. आपण त्याला वेठ म्हणतो. बोहेमियातील ही वेठ १८४८ साली उठली, पण शब्द लोकांच्या जिभेवर राहिला. म्हणजे ‘रोबो’चे खरे मराठी ‘यंत्रमानव’ नव्हे, ‘वेठबिगार’ होय. आमच्या एका सभेत मी हे सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतून एक निवृत्त वेल्डर म्हणाले, “मग भाऊ, तो आपलाच भाऊबंद निघाला की!”

हा भाऊबंद १९६१ साली प्रत्यक्ष कामावर रुजू झाला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात, ‘युनिमेट’ नावाचा यंत्राचा हात तापलेले ओतीव भाग साच्यातून उचलून बाजूला ठेवू लागला. ते काम हात भाजणारे होते आणि त्याच्यासाठी कोणी रडले असेल असे मला वाटत नाही. पण तो हात तिथेच थांबला नाही. मोटारीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणे, रंग मारणे, अशी एकेक कामे त्याने उचलली. आमच्या भागातील एका कारखान्यात तीन पाळ्यांत वेल्डर ज्या ओळीवर उभे राहत, त्या ओळीवर पिवळे हात आलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या वर्षीच्या वाटाघाटींत मी होतो. यंत्राशी भांडून कोणी यंत्र थांबवल्याचे मला ठाऊक नाही. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर, हे भांडण मात्र करता येते, आणि क्वचित जिंकताही येते.

शाळकरी पोरांच्या सामन्यांकडेही मी याच नजरेने पाहतो. सामना हा एक करारनामा आहे. त्यात मुख्य कलमे तीन: माल कोणाला किती मिळणार, वेळ किती, आणि मदतीला कोण उभा राहणार. या तीन कलमांत जे बदल होत गेले, तोच या स्पर्धांचा इतिहास.

पहिले कलम, म्हणजे मालाचे, घातले वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकाने. हा गृहस्थ १९४३ साली लुइझियाना राज्यातील जेना या लहान गावी जन्मला. बाप वेल्डर. पुढे तो एम. आय. टी. या नामांकित तंत्रसंस्थेत शिकवू लागला. यंत्ररचना हा विषय तोवर बहुतांशी फळ्यावर शिकवला जाई आणि कागदावर तपासला जाई. फ्लॉवर्सच्या वर्गात १९७०च्या दशकात वेगळी प्रथा रुळली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पेटी मिळे. तिच्यात रबराची वेटोळी, स्प्रिंगा, पट्ट्या अशी आपल्या घरी माळ्यावर पडून असते तसली अडगळ. या अडगळीतून ठरलेले काम करणारे यंत्र बनवावयाचे, आणि सत्राच्या शेवटी भरसभेत दुसऱ्याच्या यंत्रासमोर उतरवावयाचे. पेटी सर्वांना सारखी. बाहेरून विकत आणलेले काही चालावयाचे नाही. ज्याचा बाप श्रीमंत त्याच्या पेटीत एक स्प्रिंगही जास्त नाही. वेल्डरच्या मुलाला हे सुचावे यात मला काही नवल वाटत नाही. नवल वाटते ते संस्थेने ते चालू दिले याचे.

जपानमध्ये हीच गोष्ट निराळ्या वाटेने घडली. तोक्योच्या तंत्रविद्यापीठातील मासाहिरो मोरी हे प्राध्यापक यंत्रमानवांवर काम करीत आणि बुद्धाच्या शिकवणीवरही लिहीत. १९८१ साली त्यांनी विद्यार्थ्यांना काम दिले ते असे: टॉर्चमध्ये घालतो त्या साध्या सेलच्या शक्तीवर माणसाला वाहून नेणारी गाडी करा. म्हणजे पोरांना त्यांनी तुटपुंज्या साधनांत अडकवले आणि डोके चालवावयास लावले. पुढे १९८८ साली एन. एच. के. या जपानी प्रसारणसंस्थेने याच धर्तीवर ‘कोसेन’ विद्यालयांचा सामना भरवला व दूरचित्रवाणीवर दाखवला. ही विद्यालये १९६२ पासूनची. नववीनंतर, पंधराव्या वर्षी, मुलगा तिथे जातो आणि पाच वर्षांत हातातले कसब व पुस्तकी विद्या दोन्ही घेऊन बाहेर पडतो. पहिल्या वर्षी बारा विद्यालये उतरली. स्पर्धा होती बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीची. १९९० साली एम. आय. टी. आणि तोक्यो यांनी मिळून सामना केला. त्यात जपानी व अमेरिकन मुलांचे मिश्र संघ पाडले. एकमेकांची भाषा न समजणारी पोरे एकाच यंत्रावर पाने फिरवू लागली.

आता मी तुम्हांला एका गिरणगावात नेतो. माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा. तो संप रीतसर मिटलाच नाही, हे आपणांस ठाऊक आहे. त्यामुळे कुठेही बंद गिरणीचे नाव आले की माझे वाचन तिथे अडते. असेच ते मँचेस्टरपाशी अडले. इंग्लंडातले नव्हे, त्या गावावरून नाव घेतलेले, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातले.

मेरिमॅक नदीच्या काठी तिथे १८३१ पासून ॲमॉस्केग कंपनीच्या लाल विटांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. भरभराटीच्या काळी सुमारे १७,००० माणसे तिथे कामाला होती. सुती कापडाच्या जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत तिची गणना होई. १९२२ साली कंपनीने मजुरीत वीस टक्के कपात आणि आठवड्याच्या ४८ तासांऐवजी ५४ तास अशी नोटीस लावली. कामगार बाहेर पडले. संप नऊ महिने चालला. त्यानंतर गिरणी पूर्वीसारखी सावरली नाही, आणि १९३५च्या अखेरीस दरवाजे बंद झाले. एक गोष्ट मात्र तिथे आपल्यापेक्षा वेगळी घडली. गावातील मंडळींनी पैसे गोळा करून इमारती विकत घेतल्या आणि लहानसहान उद्योगांना भाड्याने दिल्या. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते लालबाग-परळला जाऊन पाहावे.

याच गावात डीन केमन नावाचा एक संशोधक येऊन राहिला. महाविद्यालय त्याने अर्धवट सोडलेले. रोग्याच्या अंगात ठरल्या मात्रेने औषध सोडणारा, बरोबर वागवता येईल असा छोटा पंप तयार करून त्याने नाव व पैसा मिळवला आणि जुन्या गिरण्यांच्या इमारतींत आपली प्रयोगशाळा थाटली. मुले खेळाडूंना व सिनेनटांना डोक्यावर घेतात, यंत्र करणाऱ्याला कोणी ओळखत नाही, ही त्याची तक्रार. त्यावर त्याने १९८९ साली ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली आणि फ्लॉवर्सला जोडीला घेतले. पहिला सामना १९९२ साली मँचेस्टरमधल्याच एका शाळेच्या व्यायामशाळेत झाला. अठ्ठावीस संघ आले. मैदानावर मक्याच्या दाण्यांचा थर पसरला होता, आणि त्यात पडलेले टेनिसचे चेंडू यंत्रांनी गोळा करावयाचे होते. मक्यात चाके रुतत, घसरत, जागच्या जागी फिरत. वर्गातले गणित आणि खालची जमीन यांत किती अंतर असते, हे पोरांना त्या दाण्यांनी एका दिवसात शिकवले असेल. केमनने सामन्याला खेळाचाच थाट दिला: आरडाओरडा, संघांचे रंगीत सदरे, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले पंच.

जिथे कापड विणणारी माणसे यंत्रासकट रस्त्यावर आली, त्याच गावात शाळेच्या पोरांनी यंत्रे बनवण्याचा सामना सुरू झाला. केमनच्या मनात तो संप होता असे मी म्हणत नाही. बहुधा नसावा. पण इतिहास वाचणाऱ्याने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवावयास हरकत नाही.

या सामन्याच्या नियमांचे पुढे जे झाले ते प्रत्येक संघटकाने वाचावे. सुरुवातीची काही वर्षे माल म्हणजे मिळालेली पेटी आणि एका ठरलेल्या सूचीतून मर्यादित रकमेची खरेदी, एवढाच होता. हळूहळू बंधने सैल झाली. खर्चाची मर्यादा राहिली, पण बाजार मोकळा झाला. वेळेचे कलम सहा आठवड्यांचे होते. खेळ जाहीर झाल्यापासून सहा आठवड्यांत यंत्र पुरे करून कुलूपबंद करावयाचे. पुढे तर ते मोठ्या पिशवीत घालून क्रमांकाची खूणचिठ्ठी लावीत. हेतू चांगला होता. सर्वांना सारखे दिवस, आणि पोरांच्या अभ्यासाचा, शिक्षकांच्या झोपेचा बचाव. घडले उलटे. ऐपत असलेल्या संघांनी त्याच यंत्राचे दुसरे जुळे यंत्र बनवले आणि पहिले पिशवीत असताना दुसऱ्यावर महिनाभर सराव केला. ज्याच्याकडे एकाच यंत्राचे पैसे, तो पिशवीकडे पाहत बसला. ओव्हरटाइमवर मर्यादा घातली की मुकादम दुसऱ्या नावाने हजेरी लावतो, तशातला हा प्रकार. अखेर २०२०च्या हंगामापासून हे कलम काढूनच टाकले. नियम लिहिणाऱ्यांनी आपली चूक पाहिली व दुरुस्त केली, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. मात्र त्याला बरीच वर्षे लागली.

तिसरे कलम मदतीचे. प्रत्येक शाळेला एखाद्या कारखान्याची वा इंजिनियरांची साथ असावी, अशी केमनची योजना. पण मग यंत्र कोण करतो? मोठी माणसे करतात आणि पोरे पाना धरून उभी राहतात, अशी तक्रार झाली. संस्थेने मोठ्यांना बंदी केली नाही. तिचे म्हणणे असे की, जाणत्याच्या खांद्याला खांदा लावून काम करणे हेच शिक्षण. यात तथ्य आहे. मीही कानस धरावयास शिकलो तो एका म्हाताऱ्या फिटरच्या शेजारी उभा राहून, कोणाचे भाषण ऐकून नव्हे. पण त्या फिटरने माझी कानस मला धरू दिली होती, हेही खरे.

१९९९ साली एक मोठा बदल झाला. तोवर संघ एकटेच लढत. त्या वर्षापासून दोन-दोन संघांची युती मैदानात येऊ लागली. सकाळी जो विरोधक तो दुपारी भागीदार. २००१ साली तर चार संघ एका बाजूला, आणि समोर दुसरा कोणी नाहीच, फक्त घड्याळ! प्रेक्षकांना ते फारसे रुचले नसावे, कारण पुढच्या वर्षी विरोधक परत आला. युती मात्र कायम राहिली. या पद्धतीने मैदानामागच्या दुरुस्तीच्या जागेत एक चाल पडली. समोरच्या संघाची मोटर जळली तर आपल्याकडची द्यावयाची. फ्लॉवर्स हा आग्रह शेवटपर्यंत, म्हणजे २०१९ साली त्याचे निधन होईपर्यंत, धरून होता. तथापि या बंधुभावाच्या दारावर तिकीट आहे. या मोठ्या सामन्याच्या नोंदणीचीच फी आज सहा हजार डॉलरच्या घरात जाते.

मग गरिबाच्या पोराने काय करावे? याला एक उत्तर २००४ साली मिळाले. ॲरिझोना राज्यात फीनिक्स शहराच्या पश्चिम भागात कार्ल हेडन नावाची सरकारी शाळा आहे. मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची वस्ती. या शाळेतील चार मुलगे आणि दोन शिक्षक पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांच्या सामन्याला कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे गेले. चौघांकडेही अमेरिकेत राहण्याचे कागद नव्हते. सामन्यात दोन गट होते. शिक्षकांनी मुद्दाम वरच्या, महाविद्यालयांच्या गटात नाव घातले. शाळांकडून हरलो तर लाज, मोठ्यांकडून हरलो तर लाज कसली, हा हिशेब. यंत्र प्लंबर वापरतो त्या पी. व्ही. सी. नळ्यांचे, खर्च आठशे डॉलरच्या आसपास. नळ्या चिकटवण्याच्या डिंकाचा वास इतका उग्र, की यंत्राला नाव पडले ‘स्टिंकी’, म्हणजे घाणेरड्या वासाचे. शेजारी एम. आय. टी.चा संघ होता. त्याला एका तेल कंपनीने दहा हजार डॉलर दिलेले.

ऐन वेळी विजेचे भाग ठेवलेल्या पेटीत पाणी झिरपू लागले. पाणी शोषून घेणारे, छोटेसे, स्वस्त काय मिळेल? स्त्रिया मासिक पाळीत वापरतात ते शोषक बोळे. एक पोरगा लाजत लाजत दुकानात गेला आणि घेऊन आला. पेटी कोरडी राहिली. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी बुडालेल्या पाणबुडीची प्रतिकृती ठेवलेली होती. तिची मोजमापे घेणे, पिंपातील द्रवाचा नमुना काढून आणणे, अशी कामे होती. नंतर परीक्षकांपुढे उभे राहून प्रत्येक भाग का व कसा केला ते सांगावयाचे. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक कार्ल हेडन शाळेचा, दुसरा एम. आय. टी.चा.

ही गोष्ट इथे संपवली तर टाळ्या पडतील. २०१५ साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटाने बहुधा तसेच केले. पण मला पुढचे सांगावयाचे आहे. २००६ साली ॲरिझोनाच्या मतदारांनी कायदा केला, की ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना सरकारी महाविद्यालयांत स्थानिकांची फीसवलत मिळणार नाही. चौघांपैकी दोघांनी पुढे जेवण पुरवण्याचा धंदा धरला. एकजण २००९ साली यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला, कागद सरळ मार्गाने करून घ्यावेत म्हणून आपण होऊन मेक्सिकोला परतला, आणि तिथे मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला लागला. परतण्याची परवानगी त्याला पुढच्या वर्षी मिळाली आणि तो अमेरिकी सैन्यात भरती झाला. तलावात सर्वांना पाणी सारखे होते. काठावर आल्यावर तसे राहिले नाही.

आपल्याकडे या खेळाचे मोठे रूप प्रथम दिसले ते महाविद्यालयांत. आशियाई-पॅसिफिक प्रसारणसंस्थांचा ‘रोबोकॉन’ २००२ साली तोक्योत सुरू झाला. २००८ साली तो पुण्यात भरला. विषय होता ‘गोविंदा’. टांगलेल्या मडक्यांतून यंत्रांनी लोणी काढावयाचे! दहीहंडीचे थर पाहात वाढलेल्या माझ्यासारख्याला यापेक्षा अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. २०१४ साली तो पुन्हा पुण्यात आला. शाळांसाठी २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आल्या: सहावी ते बारावी, प्रत्येक शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि आजवर सुमारे दहा हजार शाळा. योजना चांगली आहे. पण पेटी मिळणे आणि पेटी उघडणे यांत फरक आहे. सामान मोडेल, भरून कोण देणार, या भीतीने कपाटाला कुलूप लावून ठेवलेली एक प्रयोगशाळा मी पाहिली आहे.

आमचा संबंध आला तो एका अपमानातून. वस्तीतील पालिकेच्या शाळेची पोरे एका आंतरशालेय सामन्याला गेली. फी आम्ही वर्गणीतून भरली. समोरच्या संघांची यंत्रे झळझळीत. आमच्या एका मुलीने शेजारच्या मुलाला सहज विचारले, “हे वळतं कसं रे?” त्याला सांगता येईना. यंत्र शिकवणीवर्गाच्या माणसांनी जोडून दिले होते आणि झाकण उघडावयाचे नाही, अशी त्याला ताकीद होती. आमचे यंत्र पहिल्याच फेरीत थांबले. परतताना गाडीत ती मुलगी मला म्हणाली, “काका, आमचं बंद पडलं, पण का पडलं ते आम्हांला माहीत आहे.”

त्यानंतर आम्ही आपलाच सामना भरवावयाचे ठरवले. संघटनेच्या बैठकीत खडाजंगी झाली. ज्या यंत्रांनी आपल्या माणसांची कामे घेतली, त्यांचे खेळ कामगारांच्या वर्गणीतून कशासाठी, असा खजिनदारांचा प्रश्न. त्याला उत्तर मी दिले नाही, मघाच्या त्या निवृत्त वेल्डर अण्णांनी दिले. ते म्हणाले, “माझ्या जागेवर जो हात आला, त्याला शिकवणारा पोरगा बाहेरगावचा होता. आपला का नव्हता?” ठराव दोन मतांनी पास झाला. शनिवारी दुपारी अण्णा पोरांना सोल्डरचा डाग द्यावयास शिकवू लागले. पोरांची बोटे भाजली, अण्णांचा चष्मा दोनदा हरवला.

नियम लिहिताना मी फ्लॉवर्सची पेटी समोर ठेवली. दोन मोटरा, चार चाके, सेलचा डबा, बटणे, वायर, प्लायवूडचा तुकडा, स्क्रू. पेटी सर्वांसमोर फोडावयाची, काम शाळेतच करावयाचे, रात्री यंत्र शाळेच्याच कपाटात राहावयाचे. पालक दोरीपलीकडे. जुळे यंत्र कोणी करू नये म्हणून मोटरांवर रंगाची खूण. एक नियम मात्र आमचा स्वतःचा आहे. फेरीपूर्वी परीक्षक यंत्रातील एक वायर गुपचूप काढतो आणि संघातील कोणत्याही एका मुलाला बोलावतो. त्याने दोष शोधून यंत्र चालू करावयाचे, मगच मैदानात उतरावयाचे. कोणाला बोलावणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक पोराला सगळे यंत्र माहीत असावे लागते. पहिल्या वर्षी दोन संघ इथेच अडकले. एका शिक्षकांनी माझ्याशी कडाक्याचे भांडण केले, आणि त्यांचे थोडे बरोबरही होते. वायर काढताना परीक्षकाने सोल्डरचा डागच उखडला होता.

यंदाच्या पेटीत काय असावे यावरून सध्या वाद आहे. पोरांना तिसरी मोटर हवी आहे, आणि सरावाला आणखी आठ दिवस. त्यांनी रीतसर मागणीपत्र लिहून, अकरा सह्या करून, संघटनेच्या कचेरीत आणून दिले आणि पोच मागितली. तीस वर्षे मी टेबलाच्या ज्या बाजूला बसत आलो, तिथे आता ती बसणार आहेत. खजिनदार म्हणतात, तिसरी मोटर परवडणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला वाटाघाटी आहेत.